झिरो कुणाचा?

कागद बिलबुकातला असतो, पाठपोट कोरा. ताई तो फळीवर ठेवतात, डाव्या हाताच्या दोन बोटांनी पुढे-मागे सरकवत राहतात आणि उजव्या हाताने कळ दाबतात. कोरणाऱ्या यंत्राचा स्पिंडल बंद असतो. त्यात घट्ट आवळलेलं बिट प्रत्येक कळीला मिलिमीटरचा दहावा हिस्सा खाली येतं. कागद मोकळा सरकतो. पुन्हा कळ, अजून मोकळा. मग पाऊल लहान केलं जातं, शंभराव्या हिश्शाचं. आणि एका कळीला कागद अडतो. ओढला तर खरखरत येतो, ढकलला तर मुडपतो. बोटं थांबतात. पडद्यावर झेडच्या चौकटीत त्या ०.१ लिहितात. शून्य लिहीत नाहीत.

हा ०.१ म्हणजे कागदाची जाडी. ८० जीएसएमच्या पाचशे कागदांचा रीम साधारण ५ सेंटीमीटर उंच भरतो. पाचशेने भागलं की मिलिमीटरचा दहावा भाग उरतो. बिट कागदावर टेकलंय, लाकडावर नाही. म्हणजे लाकूड अजून ०.१ मिलिमीटर खाली आहे आणि यंत्राला ते तसंच सांगायला हवं. हे सांगायचं राहून जात होतं म्हणून पहिली दोन वर्षं त्यांच्या पाट्यांवरची अक्षरं ठरवल्यापेक्षा बारीक यायची. त्या फाइलला दोष द्यायच्या, फॉन्टला द्यायच्या, बिटाला धार नाही म्हणायच्या.

कल्याणच्या पुढे एका गावात त्यांची शेड आहे. पत्र्याची, एका बाजूला खिडकी, मधोमध चार फूट बाय दोन फुटांचं यंत्र. त्यात कधी फिरणारं बिट बसतं, कधी ओढत नेण्याची सुरी. एमडीएफ, प्लाय, ॲक्रिलिक, पुठ्ठा, जे येईल ते कापायचं, कोरायचं. वर्षभर पाट्या, भिंतीवरच्या जाळ्या, लग्नातली नावं, दुकानांची अक्षरं; आणि आषाढ लागला की गणपतीची मखरं. हाताखाली तीन पोरं. ती त्यांना ताई म्हणतात, गिऱ्हाइकंही ताईच म्हणतात.

यंत्र येण्याआधी थर्माकोल होता. सासऱ्यांचा धंदा. तापलेली तार थर्माकोलच्या ठोकळ्यातून जायची ती आरपार, वरून खालपर्यंत. रेषा चुकली तर चुकली, खोलीचा प्रश्नच नव्हता. बारा वर्षं त्यांनी तारेने महिरपी, खांब, कळस कापले आणि या सगळ्या काळात 'किती खोल' हा विचार एकदाही करावा लागला नाही. २३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारची प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवरची बंदीची अधिसूचना निघाली. सजावटीचा थर्माकोलही तिच्यात होता. गोदामात अर्धं तयार काम पडलेलं. त्या वर्षीचं नुकसान किती झालं ते त्या आजही नेमकं सांगत नाहीत, पण बंदी चुकीची होती असंही म्हणत नाहीत. विसर्जनानंतर खाडीकाठी पांढऱ्या दाण्यांचा थर त्यांनीही पाहिला होता.

पुढच्या वर्षी कर्ज काढून यंत्र आलं. विकणाऱ्या माणसाने दोन तासांत शिकवलं: फाइल कशी उघडायची, बिट कसं बसवायचं, कोपऱ्यात नेऊन झिरो कसा मारायचा. 'झिरो मारा आणि स्टार्ट दाबा.' या एका वाक्यात किती काय दडलंय हे तेव्हा कळलं नाही.

यंत्राला स्वतःहून काहीच दिसत नाही. त्याच्या मोटरी एका फेऱ्यात दोनशे पावलं टाकतात. प्रत्येक पावलाचे आठ तुकडे केले आणि स्क्रूच्या एका फेऱ्यात ८ मिलिमीटरची सरक धरली तर एक मिलिमीटर म्हणजे दोनशे पावलं होतात. एक पाऊल ०.००५ मिलिमीटरचं. एवढं बारीक चालणाऱ्या यंत्राला लाकूड कुठे सुरू होतं ते मात्र ठाऊक नसतं. आडव्या दोन दिशांचं चुकलं तर नक्षी फळीवर थोडी डावी-उजवी सरकते, बहुतेक वेळा भागून जातं. उभ्या दिशेचं, म्हणजे झेडचं चुकलं तर नक्षीच बदलते. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली 'समुद्रसपाटीपासून उंची' लिहिलेली असते. तो आकडा समुद्रावाचून पोकळ आहे. मोजणाऱ्याने आधी समुद्राची एक पातळी ठरवली, मग उंची आली. यंत्राच्या फाइलमध्ये 'झेड वजा ३' लिहिलेलं असतं तेही तसंच. कशापासून वजा ३, हे माणसाने सांगायचं.

पहिला मोठा धडा जाळीने दिला. मखराच्या मागची प्रभावळ, ३ मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये, एकेका प्रभावळीत ८४ भोकं. झिरो घेतला शीटच्या वरच्या पृष्ठावर, खोली दिली ३. पहिली शीट सुरेख निघाली. दुसरीत खालच्या बाजूला एक पापुद्रा राहिला, केसाएवढा. तिसरीत तो अर्ध्या शीटभर. दुकानदार ज्याला तीनची शीट म्हणतो ती व्हर्नियरने मोजली तर कुठे २.८ भरत होती, कुठे ३.१. यंत्र आपलं काम चोख करत होतं: वरून मोजून बरोबर ३ मिलिमीटर खाली जात होतं. जिथे शीट ३.१ होती तिथे दहावा हिस्सा उरत होता. त्या आणि घरातली माणसं मिळून दोन रात्री कटर ब्लेड घेऊन बसली. प्रत्येक भोक मागून सोडवायचं, मग पॉलिश पेपर मारायचा. उपाय म्हणून त्यांनी खोली ३.५ केली. शीटा सुटल्या, पण पातळ शीटांच्या खाली, त्या ज्यावर टेकतात त्या बेडमध्ये, जवळजवळ पाऊण मिलिमीटरची चर पडत गेली आणि आठवड्याभरात बेडची चाळण झाली. मग त्या खड्ड्यांवर शीट नीट टेकेना. एका चुकीवर घातलेलं ठिगळ दुसरी चूक घेऊन आलं.

त्याच सुमारास शेजारच्या इमारतीत एक काका राहायला आले होते. अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य गेलेलं, आता मुलाकडे. संध्याकाळी फेरफटका मारताना यंत्राचा आवाज ऐकून आत आले. बेडवरून बोट फिरवलं, चाळणीकडे पाहिलं.

'झिरो कुणाचा घेताय?'

'कुणाचा म्हणजे? शीटचा.'

'शीटचा का?'

ताईंना उत्तर देता आलं नाही. शिकवणाऱ्याने तसं शिकवलं होतं, एवढंच. काकांनी स्टुलावर बसून कागदावर एक आडवी रेघ काढली, खाली दुसरी. 'ही शीटची पाठ, हा बेड. तुम्हाला शीट आरपार हवी आहे ना? मग शीट किती जाड आहे याच्याशी तुम्हाला काय करायचंय? तुम्हाला बेडपर्यंत पोहोचायचंय. झिरो बेडचा घ्या आणि बेडच्या खाली पॉइंट दोन जा. वर तीन असो, पाच असो.'

त्या रात्री त्यांनी शीट काढली, बिट थेट बेडवर कागदाने टेकवलं आणि फाइलमध्येही झिरो खालच्या पृष्ठावर धरला. सगळ्या शीटा सुटल्या आणि चर सगळीकडे सारखी, नखाने जेमतेम जाणवेल इतकी. एक काळजी मात्र नव्याने आली: बिट एका भोकावरून दुसऱ्यावर जाताना किती उंच उचललं जातं ती सेफ हाइट आता बेडपासून मोजली जाते, शीटपासून नाही. ती ५ ठेवून त्यांनी एकदा १२ मिलिमीटरचा प्लाय लावला आणि बिट प्लायच्या अंगातून आडवं धावलं. काडकन तुटलं. तुकडा पत्र्यावर आपटला. त्या दिवसापासून शेडमध्ये चष्मा घातल्याशिवाय कुणी यंत्राजवळ उभं राहत नाही.

बेडचा झिरो पुठ्ठ्याच्या कामात अधिकच उपयोगी पडला. थर्माकोल गेल्यावर बऱ्याच जणांना घडी घालून ठेवता येणारं पुठ्ठ्याचं मखर हवं असतं. घडीची रेघ सुरीने मारायची. तीन पदरी पुठ्ठ्याचा वरचा कागद आणि मधली नाळी कापली गेली पाहिजे, खालचा कागद शाबूत राहिला पाहिजे. वरून झिरो घेतला की गोंधळ होतो, कारण पुठ्ठा कुठे दबलेला असतो, कुठे फुगलेला. जिथे दबलेला तिथे सुरी खालचा कागदही कापते आणि घडीच्या जागी तुकडाच हातात येतो. बेडवरून मोजलं की सुरी बेडच्या अर्धा मिलिमीटर वर थांबते आणि खाली अर्धा मिलिमीटर सगळीकडे उरतो. इथे किती कापायचं यापेक्षा किती उरवायचं हे महत्त्वाचं असतं, आणि जे उरवायचं ते ज्या बाजूला आहे तिकडून मोजायचं. हे एकदा कळल्यावर बाकीच्या निम्म्या अडचणी सुटल्या, असं त्यांचं म्हणणं आहे.

सगळ्याच कामाला बेडचा झिरो लागू पडत नाही, हे पाट्यांनी शिकवलं.

पाटीवरची अक्षरं कोरायला टोकदार बिट लागतं, इंग्रजी व्हीच्या आकाराचं. ते जितकं खोल जाईल तितकी रेघ रुंद. ९० अंशांच्या बिटाचा हिशेब सोपा: रुंदी खोलीच्या दुप्पट. म्हणजे उंचीत ०.२ ची चूक झाली तर रेघेत ०.४ ची होते. देवनागरीला हे फार जाचतं. शिरोरेषा जाड आणि तिच्यावरची वेलांटी बारीक निमुळती; 'क्ष' किंवा 'श्र'च्या आतल्या गाठी आधीच अरुंद. थोडं खोल गेलं की गाठ बुजते, थोडं उथळ राहिलं की रेफ नाहीसा होतो. इथे झिरो वरच्या पृष्ठाचाच हवा, कारण डोळ्याला दिसणार तेच पृष्ठ.

आणि ते पृष्ठ सपाट हवं. एका वयस्कर जोडप्याने नव्या घरासाठी सागवानी पाटी करून घेतली. फळी जुन्या दाराची, त्यांच्या गावच्या घरातली. ताईंनी डाव्या कोपऱ्यात झिरो घेतला आणि काम लावलं. आडनावाचं पहिलं अक्षर ठसठशीत उमटलं, शेवटचं पुसट. फळीला वाक होता. उजवं टोक अर्ध्या मिलिमीटरहून जास्त खाली. एक मिलिमीटर खोल जाणारं बिट तिथे जेमतेम ०.४ पोहोचलं आणि दोन मिलिमीटरची रेघ ०.८ ची झाली. आजोबांनी पाटी हातात घेतली, चष्मा वर-खाली केला आणि एवढंच विचारलं, 'शेवटी शेवटी फिकं का झालंय?' दुसरी फळी आणता येण्यासारखी नव्हती. त्या दारातून दुसरा तुकडा निघणार नव्हता. ताईंनी फळी परत बेडवर घट्ट बांधली, रुंद बिटाने तिचं संपूर्ण पृष्ठ तासून समतल केलं, कोरलेलं सगळं गेलं, आणि मग नव्याने झिरो घेऊन तेच नाव पुन्हा कोरलं. फळी दोन मिलिमीटर पातळ झाली. त्यांनी ते आजोबांना सांगितलं. पैसे अर्धेच घेतले. कोणतीही फळी आधी तासायची, मग झिरो घ्यायचा, हा नियम तेव्हाचा. तो नियम त्या फळीच्या आधी असायला हवा होता, याची खंत त्यांना अजून आहे.

बिट बदललं की झेड पुन्हा घ्यायचा, हे पोरांना सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं. आडवा झिरो तोच राहतो, कारण स्पिंडलचा मध्य हलत नाही. पण बिट आवळून धरणाऱ्या कोलेटमध्ये ते दर वेळी वेगळं बसतं. एकदा ४० मिलिमीटर बाहेर, एकदा ३६. एका पोराने सहाचं बिट काढून टोकदार बिट लावलं आणि घाईत स्टार्ट दाबलं. नवं बिट लांब होतं. ते फळीत शिरून बेडमध्ये घुसलं आणि पूर्ण 'श्री' बेडवर कोरून बाहेर आलं. पोरगा रडवेला झाला. ताई त्याला काही बोलल्या नाहीत. तीच चूक त्यांनी आपल्या हाताने तीनदा केली होती.

मग टच प्लेट आली. ॲल्युमिनियमची चकती, तिला एक वायर. दुसऱ्या वायरीचा चिमटा बिटाला लावायचा. चकती फळीवर ठेवायची, बिट सावकाश खाली येतं, धातूला धातू टेकला की विजेचं वर्तुळ पूर्ण होतं आणि यंत्र थांबतं. चकतीची जाडी वजा केली की फळीचं पृष्ठ मिळतं. कागदाची खरखर नको, बोटांचा अंदाज नको. पण चकतीच्या जाडीच्या जागी आधी एक आकडा भरावा लागतो. पाकिटावर २० लिहिलं होतं, त्यांनी २० भरला. आठवडाभर सगळी अक्षरं सुजल्यासारखी येत होती. काकांनी मायक्रोमीटर आणून चकती मोजली: १९.६. यंत्र प्रत्येक वेळी झिरो फळीच्या पोटात ०.४ खाली धरत होतं आणि ९० अंशांच्या बिटाने प्रत्येक रेघ ०.८ ने फुगत होती. कागदाच्या चुकीने अक्षरं वाळली होती, चकतीच्या चुकीने सुजली. आणखी एक धोका: चिमटा काढायचा विसरून स्पिंडल सुरू केला तर वायर बिटाभोवती गुंडाळली जाते. हेही झालं. त्यामुळे चिमट्याला लाल फडकं बांधलंय आणि स्टार्टच्या कळीशेजारी एक खिळा ठोकलाय. फडकं खिळ्यावर दिसल्याशिवाय कळ दाबायची नाही.

पावसाचा भाग कुणीच शिकवला नव्हता. बेड १८ मिलिमीटरच्या एमडीएफचा. एमडीएफ हवेतली ओल पितो आणि जाडीत फुगतो. आषाढ-श्रावणात, ऐन मखरांच्या हंगामात, खिडकीकडची बाजू रात्रीतून वर येते. काल घेतलेला झिरो आज खोटा ठरतो. यंत्राच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर काकांनी एक पितळी चकती स्क्रूने बसवून दिली. चौकट ओल पीत नाही. रोज सकाळी बिट आधी पितळेवर टेकवायचं, मग बेडवर नऊ ठिकाणी, आणि फरक वहीत लिहायचा. एका श्रावणाची वही पाहिली तर खिडकीकडच्या कोपऱ्यासमोर आकडे उतरत जातात: ४.३२, ४.२७, ४.१८, ४.०५. बेड पितळेच्या जवळ येत चाललाय. ४.१० च्या खाली गेला की बेड तासून घ्यायचा. मग बेडच्या कडांना वॉर्निशचे तीन हात दिले. उतार मंदावला, पण थांबला नाही.

याच पितळेने एका रात्री काम वाचवलं. गणेश चतुर्थीला चार दिवस, पहाटे दोनचा सुमार, मोठ्या मखराचा पाऊण भाग झालेला आणि लाइट गेली. त्या वेळी यंत्राला होमिंगचे स्विच नव्हते. असं यंत्र लाइट आल्यावर जिथे उभं असेल तेच आपलं घर समजतं. आधी घेतलेला झिरो एक तर पुसला जातो, नाहीतर त्या खोट्या घरापासून मोजला जातो. पूर्वी असं झालं की शीट फेकून द्यावी लागायची. या वेळी त्यांनी टॉर्चच्या उजेडात वही काढली. लाइट आल्यावर बिट सावकाश वर घेतलं, पितळेवर टेकवलं, सकाळचा फरक वजा केला. आडव्या दिशांसाठी बेडच्या कोपऱ्यात दोन सागवानी खुंट्या होत्याच. मखर पूर्ण झालं, जोड कुठे आहे ते शोधून सापडत नाही. नंतर स्विच बसवले. यंत्रात चालणाऱ्या जीआरबीएल या मुक्त प्रणालीत जी-५४ खाली ठेवलेला झिरो लाइट गेली तरी स्मरणात राहतो, जी-९२ ने घेतलेला पुसला जातो, हेही तेव्हा समजलं. इतकी वर्षं त्या दुसराच वापरत होत्या.

काका गेल्या वर्षी गेले. त्यांचा मायक्रोमीटर आता शेडमध्ये असतो, मूळच्या लाकडी डबीत.

सध्या बेडवर करवंटी आहे. कोकणातल्या एका गिऱ्हाइकाला करवंट्यांचे दिवे हवेत, प्रत्येकावर वेलबुट्टी. करवंटीला वरचं पृष्ठ असं नाहीच आणि खालून मोजायला दोन करवंट्या सारख्या नसतात. पहिल्या तीन वेळा ताईंनी झिरो सर्वांत उंच टोकावर घेतला. मधलं फूल छान आलं, पानं उताराकडे जाताना विरून गेली. तांब्याच्या पातळ थरावर सर्किट कोरणारे लोक आधी बिटाने जागोजागी टेकून उंचीचा नकाशा घेतात; त्यांचा तांब्याचा थर ०.०३५ मिलिमीटरचा असतो, तिथे दुसरा उपायच नाही. तेच इथे करून पाहायचं ठरलं. पण करवंटीतून वीज वाहत नाही. म्हणून ताईंनी घरातली पोळ्या गुंडाळायची फॉइल आणली, करवंटीवर सुरकुती न पडता चिकटवली आणि तिला चकतीची वायर जोडली. बिट खाली येतं, टेकतं, वर जातं, ६ मिलिमीटर सरकतं, पुन्हा खाली येतं. एका करवंटीला ६४ टेकण्या, वीस मिनिटं. चौथ्या करवंटीत फॉइल एका जागी उचलली गेली आणि तिथलं पान खोल गेलं. पाचवी बरी निघाली, काठाची दोन पानं सोडली तर. सहावीवर पोरगा आता फॉइल दाबून बसवतोय, अंगठ्याने, मधून काठाकडे, आणि ताई पितळेवर बिट टेकवून वहीत आजचा आकडा लिहीत आहेत.